रद्दीतला पहिला नंबर

शाळेने जाहीर केलं की जो वर्ग सगळ्यात जास्त रद्दी आणेल त्याला बक्षीस, आणि त्या रद्दीपासून कारखान्यात नव्या वह्या होणार. सहावीतल्या बकुळला राहवेना. झाशीच्या नगरा भागातल्या त्यांच्या घरात आजोबांच्या पलंगाखाली जुन्या मराठी मासिकांचे दोन गठ्ठे वर्षानुवर्षं धूळ खात पडले होते. आजोबा दुपारी घोरत असताना तिने ते हळूच ओढले आणि दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून शाळेत पोचवले. वर्गाचा पहिला नंबर आला आणि टाळ्या बकुळच्या नावाने वाजल्या.

चार दिवस झाले तरी आजोबांनी पलंगाखाली वाकून पाहिलं नाही, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. पाचव्या दिवशी ते मानिक चौकातून मूंगफलीची पुडी घेऊन आले. शेंगा ताटलीत ओतल्या, पुडीचा कागद मांडीवर सरळ केला, चष्मा चढवला आणि बराच वेळ वाचत बसले.

“बकुळ, हे मराठी पान आहे बरं का. म्हणजे झाशीत आपल्यासारखं आणखी एक घर निघालं.”

“होगा कोई, आजोबा,” बकुळ घाईघाईने म्हणाली. “इतने लोग रहते हैं यहाँ.”



“तर काय,” आजोबा शेंग फोडत म्हणाले. “त्यांच्या नातीचं नावसुद्धा बकुळच आहे. हे बघ, समासात पेन्सिलीने अकरा वेळा गिरवलंय.”