माझ्यासमोर केले

"हातमोजे काढ," विभागप्रमुख म्हणाले.

ज्याला सगळे पन्नासवाला म्हणत तो शिकाऊ डॉक्टर सुई हातात धरून तसाच उभा राहिला. खाटेवर विभागप्रमुखांची आई कुशीवर झोपली होती, पाठ उघडी. चार दिवस ताप हटत नव्हता आणि आता मान ताठ झाली होती. मणक्यातलं पाणी काढून तपासायला पाठवायचं होतं, तेही ताबडतोब.

"सर, माझी पन्नास पूर्ण आहेत. वहीत तुमचीच सही आहे."

"म्हणूनच सांगतोय. त्या नऊवालीला बोलाव."

प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला वर्षभरात असं पन्नास वेळा पाणी काढून दाखवावं लागे. वहीत प्रत्येक ओळीपुढे 'माझ्यासमोर केले' असं छापलेलं होतं आणि त्यापुढे विभागप्रमुख साहेबांची सही. साहेब चहा पिता पिता सह्या करत. पन्नासवाला पानं उलटून देई, तेवढेही कष्ट साहेबांना नकोत. या वहीवरून डॉक्टरचा हात जोखायची युक्ती ज्याने काढली, त्याला कोपरापासून नमस्कार.

नऊवालीही शिकाऊच, पण तिच्या वहीत नऊच ओळी होत्या. परवाच साहेबांनी ती टेबलावर आपटली होती.

"वर्षभर काय माशा मारत होतीस?"

"सर, तुम्ही समोर होतात तेवढीच लिहिली."

साहेबांना तो उद्धटपणा वाटला. महिनाअखेर पन्नास झाली नाहीत तर वर्ष वाया, असं त्यांनी तिला बजावलं होतं.

ती आली. तिने हात धुतले, हातमोजे चढवले, म्हातारीच्या पाठीवर बोटांनी मणके चाचपले. "आजी, गुडघे पोटाशी घ्या. जरा टोचेल हं." एकदाच टोचलं. थेंब थेंब पाणी बाटलीत पडू लागलं. साहेब श्वास रोखून बघत होते. इतकं मन लावून त्यांनी वर्षभरात कुणाचंच काम पाहिलं नव्हतं. पन्नासवाला ट्रे धरून उभा होता. तेवढं त्याला छान जमत होतं.

निदान वेळेवर झालं. औषधं लागू पडली आणि म्हातारी स्वतःच्या पायांनी घरी गेली.

महिनाअखेर वह्यांचा गठ्ठा टेबलावर आला. पन्नासवाल्याच्या वहीवर साहेबांनी न उघडताच 'उत्तम' लिहिलं. तिची मात्र उघडली. दहाव्या ओळीत आईचं वय होतं आणि पुढे 'एकदाच टोचले'. साहेबांनी झोकात सही ठोकली. मग शेवटचं पान काढून त्यांनी शेरा लिहिला: 'फक्त दहा. अनुत्तीर्ण.'