खडूची फुली

“एकही सिलिंडर गाडीत चढणार नाही.”

तपासनिसांनी हातातली बॅटरी विझवली. माल चढवायच्या धक्क्यावर गॅसचे चाळीस सिलिंडर रांगेत उभे होते, ताज्या रंगात नुसते लखलखत होते. तपासनिसांचा आज नोकरीतला शेवटचा दिवस. त्यांच्या हातून निघणारी शेवटची गाडी झोकात निघावी म्हणून मुकादमाने आणि त्याच्या माणसांनी काल सुट्टी मोडून रंगकाम केलं होतं. अगदी प्रेमाने केलं होतं, हीच तर पंचाईत.

“अहो काका, तुमच्यासाठीच केलं ना!” मुकादम रडकुंडीला आला.

“माझ्यासाठी केलंत, मग माझं एवढं तरी ध्यानात ठेवायचं! सगळी भोकं बुजवलीत की.”

प्रत्येक सिलिंडरच्या व्हॉल्व्हला बाजूला एक पितळी नट असतो. त्याला मोहरीएवढी भोकं. उन्हात सिलिंडर तापला, आतला दाब फार वाढला, की नटामागची पातळ चकती फुटते आणि गॅस त्या भोकांतून निघून जातो. भोकं बुजली तर गॅसला वाट उरत नाही. मग सिलिंडरच फुटतो. या गाडीला दोन दिवस उन्हातून जायचं होतं.

ड्रायव्हर केबिनच्या पायरीवर मटकन बसला. “झालं! शेवटच्या दिवशीसुद्धा साडेसाती काही सुटत नाही,” तो पुटपुटला. साडेसाती हे तपासनिसांचं यार्डातलं नाव. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही गाडी वेळेवर सुटली नव्हती, म्हणून पडलेलं. तोंडावर कुणी घेत नसे, पण त्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

केक ऑफिसात तसाच राहिला. निरोपाला जमलेली माणसं बाह्या सरसावून खाली बसली. थिनर आला, मऊ ब्रश आले. कुणीतरी हुशारी करून सुई आणली, तेव्हा तपासनीस कडाडले, “ठेव ती आधी! आतली चकती टोचलीस तर काय माझ्या नावाने टाळ्या वाजवणार आहेस?” मग स्वतःही एक ब्रश घेऊन ते रांगेच्या टोकाला बसले.

त्यांच्या खिशात एक कागद होता. अजून एक वर्ष थांबाल का, असं मालकांनी विचारलं होतं. जाण्याआधी सही करून द्यायचं, की मुक्काम पक्का. घरी बायकोने बॅगा भरून ठेवल्या होत्या. लेकीच्या गावी जायचं होतं. नात पाच महिन्यांची झाली आणि आजोबांनी तिला अजून फोनवरच पाहिलेलं. तरीही सही करायची, असं सकाळीच त्यांनी मनाशी ठरवलं होतं. बायकोला सांगायचा मात्र धीर झाला नव्हता.

कारण होती त्यांच्या जागी आलेली बाई. ऑफिसातून बदलून आलेली, दोन मुलांची आई. कामाला वाघ, पण स्वभाव असा मऊ की तोंडात ‘नाही’ हा शब्दच नाही. ड्रायव्हर म्हणाला घाई आहे, की हिचं ‘हो हो’. मुकादम म्हणाला चालतंय, की हिचं ‘बरं बरं’. तीन महिने हाताखाली होती, एकही सिलिंडर तिने परत पाठवला नव्हता. भोकं काय, कुणीही बघेल. गाडी अडवून दाखवायला जिगर लागते. ती हिच्यात नाही, आणि एखाद्या दिवशी हिच्या भिडेपायी कुणाच्या तरी घरचा माणूस जाईल, ही भीती त्यांना झोपू देत नव्हती.

पाच वाजले. शेवटचा नट साफ झाला. पाचनंतर सही नव्या बाईची, असा मालकांचा लेखी हुकूम होता. ड्रायव्हरने घाईघाईने रजिस्टर तिच्यापुढे धरलं.

“एक मिनिट हं,” ती म्हणाली आणि बॅटरी घेऊन रांगेला लागली. एकेका नटावर उजेड टाकायची, खडूने बरोबरची खूण करायची, पुढे सरकायची. सदतिसाव्यापाशी थांबली. पुन्हा वाकली.

“हा कुणी साफ केला?”

“मी,” तपासनीस म्हणाले.

तिने खडूने सिलिंडरवर मोठी फुली मारली.

“अहो ताई, प्रत्यक्ष काकांनी केलाय!” ड्रायव्हर ओरडला. “करा सही, उगाच काय!”

तिचे कान लाल झाले होते. आवाजही कापत होता. “कुणी का केला असेना. एक भोक बंद आहे. गाडी थांबेल.”

तपासनिसांचं डोकं तडकलं. एकतीस वर्षांत त्यांच्या कामावर फुली मारायची कुणाची छाती झाली नव्हती. त्यांनी बॅटरी हिसकावूनच घेतली. काही दिसेना. चष्मा पुसला, मान तिरकी केली. तेव्हा कुठे एका भोकावर कांद्याच्या पापुद्र्याएवढा रंग दिसला.

राग कुठल्या कुठे पळाला. त्यांना इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही.

“बरोबर आहे तुझं, पोरी,” ते म्हणाले. खाली बसून त्यांनी तो नट पुन्हा साफ केला आणि तिला दाखवला. थिनरने हात बरबटले होते. त्यांनी खिशातला कागद काढला, त्यालाच दोन्ही हात स्वच्छ पुसले आणि बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकला.

बाई पुन्हा पहिल्या सिलिंडरपासून तपासायला लागली होती.

“घ्या!” ड्रायव्हर कपाळावर हात मारून परत पायरीवर बसला. “एक साडेसाती सुटते न सुटते, तोच दुसरी बोकांडी बसली!”