डोळ्यांची आखणी

"बाबा, पिल्लांना बाधेल असला रंग नको हं," सुनेने बजावलं होतं. म्हणून मूर्तिकार परशुरामांनी ऑइलपेंट बाजूला सारला आणि चिमण्यांची लाकडी पेटी फक्त बाहेरून, डिंकात कालवलेल्या गेरूने रंगवली.

पण रंगकाम संपताना डोळे आखायचे, ही हाताची जन्मभराची सवय. पेटीच्या गोल भोकाच्या वर त्यांनी दोन टक्क उघडे डोळे आखलेच.

सकाळी चिमणी काडी घेऊन आत शिरली. मागोमाग चिमणा. दुपार झाली तरी कोणी बाहेर येईना. परशुरामांनी झाकण उघडलं. आत पीससुद्धा नव्हतं.

"रंग बाधला नाही ना चिमण्यांना?" सुनेने ओट्यावरून विचारलं.

त्यांनी झाकण लावून पेटीच्या भोकाकडे पाहिलं. आखलेले डोळे पोटभर जेवल्यासारखे मिटले होते.