वरची ओळ

वर्षभर मागच्या दाराने दूध घालणारा येसाजी आज पुढच्या दाराने आला. त्याने पाय धुतले, दुधाची बरणी खाली ठेवली आणि पडवीत चटईवर मांडी घालून बसला. मग श्रियाला म्हणाला, वही आण.

श्रिया आत पळाली. तिची आई अनुपमा हात पुसत बाहेर आली आणि येसाजीला पडवीत बसलेला बघून दारातच थबकली.

अनुपमा पूर्वी महाडच्या शाळेत शिकवायची. नवऱ्याने शेती करायची ठरवली, तशी ती कुडपणला राहायला आली आणि पोरीला घरीच शिकवू लागली. गावाने आधी नाकं मुरडली, मग गावाला सवय झाली. एक नियम मात्र तिने गावालाही लावला होता. सकाळी पडवीत जो पहिला पाऊल टाकेल, त्याने श्रियाच्या दुरेघी वहीत वरची ओळ लिहायची. तोच त्या दिवसाचा कित्ता. श्रियाने त्याखाली तशाच आठ ओळी काढायच्या. वायरमनने लिहिलं, ओल्या हाताने बटण दाबू नये. एसटीच्या कंडक्टरने लिहिलं, पुढे सरकत राहा. येसाजीच्या बायकोला, रंगूबाईला, अक्षर येत नव्हतं, तर तिने खुशाल रांगोळीची वेल काढून दिली आणि हसत घरी गेली. बाई सुटली. अक्षर येसाजीलाही येत नव्हतं, पण तो कसा सुटणार? पंचांत बसणारा माणूस वहीत वेल काढून आला, हे गावाने सात पिढ्या सांगितलं असतं. म्हणून पायाला शेण आहे, कशाला पडवी घाण करा, असं म्हणत तो मागच्या दाराने येत राहिला.

पण दिवाळीपासून त्याची शाळा भरत होती, आणि ते कुणाला ठाऊक नव्हतं. दुपारी श्रिया कातळावर खडूने मोठाली अक्षरं काढायची. येसाजीच्या म्हशी तिथेच चरायच्या. तो एका अक्षरावर काठी टेकवून करड्या आवाजात विचारायचा, हे कुठलं, सांग बघू. पोर सांगायची. बरोबर, म्हणून तो काठी पुढच्या अक्षरावर न्यायचा. आबा आपली परीक्षा घेतात, असं बिचारीला वाटायचं. ती घरी गेली की येसाजी काठीच्या टोकाने तीच अक्षरं गिरवत बसायचा, आणि तेवढ्या वेळात म्हशी कुणाच्या तरी वालाच्या शेतात जेवून यायच्या. रंगूबाईने त्यापायी भांडणं केली, शेजाऱ्यांची बोलणी खाल्ली. येसाजीने तोंडातून अक्षर काढलं नाही.

आता वही समोर होती. काय लिहायचं हे त्याने केव्हाच ठरवलं होतं. शहाणपणाची वाक्यं आधीच्यांनी लिहून संपवली होती, आणि येसाजीला तसल्या वाक्यांची हौसही नव्हती. त्याच्याकडे स्वतःची एक गोष्ट होती. ती अख्ख्या गावाला ठाऊक होती, पण कुठे लिहिलेली नव्हती.

त्याने खिशाला लावलेलं नवं पेन काढलं. कोयतीवर जन्मात न हललेला हात कागदावर आला आणि थरथरायला लागला. 'झ'पाशी तर पेन असं अडलं, की मार्गशीर्षाच्या थंडीत त्याच्या कपाळावर घाम आला. अनुपमाला राहवेना, ती चहा करायला आत गेली. त्याच्यासाठी आणलेला चहा निवला. ती तो गरम करून घेऊन आली, तोही निवला. शेवटी येसाजीने पेन खाली ठेवलं.

वरचा झरा येसाजीने शोधला.

अनुपमाने ओळ वाचली, मग पुन्हा वाचली. तिच्या माठातलं पाणीही त्याच झऱ्याचं होतं. "आबा, लिहिलंत की तुम्ही," ती म्हणाली. येसाजीने मिशीवरून हात फिरवला आणि थंडगार चहा एका घोटात संपवला. उभ्या आयुष्यात इतका गोड चहा तो प्यायला नव्हता.

श्रियाने वही ओढून घेतली आणि जीभ बाहेर काढून ती कित्ता काढायला बसली. येसाजी वाकून बघू लागला, आणि त्याचा चेहरा पडला. कातळावर मोत्यासारखं अक्षर काढणारी पोर आज वाकडंतिकडं लिहीत होती. तिच्या प्रत्येक अक्षराला कापरं भरलं होतं. सात वर्षांची पोरगीसुद्धा आपल्याला वेडावते आहे, असं त्याच्या मनात आलं. कानशिलं तापली. त्याने गुडघ्यावर हात टेकला आणि उठायला लागला.

अनुपमानेही ते पाहिलं. "श्रिया, आबांची चेष्टा करतेस?"

श्रियाने मान वर केली. तिला खरंच काही कळलं नव्हतं.

"चेष्टा नाय गो आई. वरची ओळ अशीच हाय ना? तूच म्हणतेस, हुबेहूब वरच्यासारखं आलं पायजे."

आणि ती पुन्हा लिहू लागली. वायरमनची अक्षरं तिने तिरकी काढली होती, कंडक्टरची दाटीवाटीने काढली होती, तशीच ही जपून, एकेक कंप मोजत काढत होती.

अर्धवट उठलेला येसाजी पुन्हा खाली बसला. आठवी ओळ होईपर्यंत तो हलला नाही. मग त्याने वही मांडीवर घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि पहिल्या ओळीपासून एकेका अक्षरावरून बोट फिरवत खाली आला. पाचव्या ओळीवर बोट थांबलं.

"ह्यो झ बघ," तो कातळावरच्या त्याच करड्या आवाजात म्हणाला. "माझा एवढा नाय हलत. परत काढ."