अप्पांची वेणी

डोक्याच्या डॉक्टरचं नाव काढलं की लेक मंजुश्री भिंतीकडं तोंड करून झोपायची. शेवटी मुरुडचे किराणा दुकानदार सिद्धलिंगअप्पा म्हणाले, "मलाच दाखवायचंय गं. सोबत तर चल."

लातूरच्या दवाखान्यात अप्पांनी आपल्या तक्रारी सांगितल्या. "जेवण जाईना. झोप लागंना. मैत्रिणींचे फोन उचलू वाटंनात. बारावीचं पुस्तक उघडलं की रडू येतंय. वेणीसुद्धा घालू वाटंना."

डॉक्टर मॅडमनी अप्पांच्या टकलाकडं पाहिलं. हसल्या मात्र नाहीत. त्यांनी अप्पांनाच विचारलं, "हे कधीपासून होतंय?"

एवढं अप्पांना ठाऊक नव्हतं.

"दिवाळीपासून," मागच्या बाकावरून मंजुश्री म्हणाली. "उठा अप्पा. मला बसू द्या तिथं."