पूजेला मांडलेला पाना

“लाल लावलेला बाद नग कापला जाईपर्यंत तिथून हलायचं नाही, पोरी. डोळ्यांनी बघायचं, मग सही करायची.”

तिला तपासणी शिकवणारे रंगराव निवृत्त होऊन चार वर्षं झाली. तरी तपासणीच्या टेबलावर स्कूटरच्या ब्रेकचा लिव्हर हातात घेतला की वर्षालीला त्यांचा हा आवाज ऐकू यायचा.

आज खंडेनवमी. कंपनीतल्या मशिनांची पूजा सकाळी आटोपून ती घरी आली आणि कुरुळीतल्या आपल्या दोन खोल्यांपुढच्या ओट्यावर तिने पाट मांडला. पाटावर नवऱ्याचे पाने, पक्कड, घरातली विळी. प्रत्येकावर हळदकुंकू आणि झेंडूचं एकेक फूल. घट बसल्यापासून ती अनवाणी होती. चप्पल उद्या, दसऱ्याला. पाटाशेजारी करिष्माची नवी चार चाकांची छोटी गाडी उभी होती, आणि सात वर्षांची करिष्मा सकाळपासून हेल्मेट घालूनच वावरत होती. जेवलीही तशीच.

ही गाडी निवडायला वर्षालीने तीन रविवार घातले होते. चिंचवडच्या दुकानांतून ती विचारत फिरली, वेग बांधून ठेवता येतो का, साखळीवर झाकण आहे का, मूल पडलं तर इंजिन आपोआप बंद पडतं का. एका दुकानदाराने शेवटी विचारलं, ताई, गाडी घ्यायचीय की गाडीला नापास करायचंय? तेव्हा तिचा धाकटा भाऊ नवनाथ म्हणाला, दुकानातली गाडी कुणी जोडली ते कुणाला ठाऊक, भाचीची गाडी मामाच जोडेल. तो तिच्याच कंपनीत भंगार कापायच्या कामावर होता. दोन वर्षांपूर्वी तिनेच शब्द टाकून त्याला लावून घेतलं होतं. सुट्टीच्या दिवशी सुटे भाग जमवून तो मुलांच्या गाड्या जोडायचा.

मग तिने दुसरीकडे पाहिलंच नाही. पलीकडच्या चाळीतल्या हसीनालाही सांगितलं, माझा भाऊ जोडतो, डोळे झाकून घ्या. हसीना तरी घुटमळली, तेव्हा तिच्या जास्मिनच्या डोक्यावर हात ठेवून वर्षाली म्हणाली होती, “हिच्या गाडीचा ब्रेक माझ्याकडे लागला.”

आता ती करिष्माच्या गाडीच्या हँडलला लाल दोरा बांधत होती. गाठ ओढताना ब्रेकच्या लिव्हरवरच्या काळ्या रंगाचा टवका निघाला. खाली लाल दिसलं. कुंकू लागलं असेल म्हणून तिने पदराने पुसलं. गेलं नाही. नखाने आणखी खरवडलं. लाल वर्तुळ, त्यात केसासारखी चीर, चिरेच्या टोकाला टिंब.

तपासणीला बसणाऱ्या प्रत्येकीची खूण वेगळी असते. टिंब वर्षालीचं होतं.

“काय बघायलीस, ताई?” नवनाथ उंबऱ्यात बसून नारळ सोलत होता.

“हा मी बाद केलेला आहे.”

तो हसला. एवढी चीर स्कूटरला चालत नाही, पोरांच्या गाडीला काय होतंय, म्हणाला; ती पळून पळून किती पळणार. तसेही ते बाद नग वितळायलाच जायचे होते. किती गाड्यांना लावलेस, तिने विचारलं. ही धरून तीन. हसीनाच्या पोरीच्या? तो नारळाची शेंडी ओढत राहिला.

“नवनाथ, माझी सही असायची तिथं. सगळे नग कापले म्हणून.”

“तू बघायला येणंच सोडलंस की,” तो म्हणाला. “मला वाटलं, तुला ठाऊकच हाय.”

दोन वर्षं. समोर आपला भाऊ आहे तर कापेपर्यंत उभं कशाला राहायचं, त्याला काय वाटेल, म्हणून ती टेबलावरूनच सही करायची.

नवनाथ उठून जवळ आला. करिष्माला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, लहानपणी आईला सांगू नकोस म्हणायचा त्याच सुरात म्हणाला, “कुठं बोलू नको. खूण तुझी हाय, ताई. सही बी तुझीच. माझं नाव कशावरच न्हाई.”

त्याने सोललेला नारळ तिच्या पुढ्यात ठेवला.

“आई, झाली का पूजा?” करिष्मा एव्हाना गाडीवर चढून बसली होती. वर्षालीने तिला काखेत धरून खाली उतरवलं आणि गाडीची चावी काढून कनवटीला खोचली.

मग ती पाटापाशी बसली. मांडलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत हलवायचं नसतं. तिने जन्मात कधी हलवलं नव्हतं. तिने हात जोडले, दहा नंबरच्या पान्यावरचं फूल उचलून पकडीवर ठेवलं आणि पाना हातात घेतला. लिव्हर सुटायला वेळ लागला नाही. तो तिने पदराच्या टोकाला बांधला, टिंबासकट.

“ताई,” नवनाथ म्हणाला. “अगं, सणाचं...”

जास्मिन दुपारी गाडी घेऊन चाळीमागच्या उताराला जाते, हे वर्षालीला माहीत होतं. बाहेर डांबर तापलं होतं. ती अनवाणीच ओटा उतरली आणि हसीनाच्या चाळीकडे निघाली. हातातल्या पान्यावरचं कुंकू अजून ओलं होतं.