टाळूचं तेल

“टाळूला तेल नाही ना लावलं?” घरी तपासायला आलेल्या डॉक्टर निगुडकरांनी विचारलं. बाळाच्या टाळूवरच्या पट्टीतून मेंदूत गाठ वाढवणारं जनुक सात दिवसांत दुरुस्त व्हायचं होतं. तेल लागलं की औषध वाया, आणि पट्टी एकदाच लावता येई.

मृण्मयीनं घरात दहादा बजावलं होतं. तरी तिच्या सासूबाई, माई, ठसक्यात म्हणाल्या, “लावलं की! पारूबाईंकडून रोज वाटीभर जिरवून घेतलं. टाळू भरायला नको?”

मृण्मयीनं बाळाला रोज मालीश करायला येणाऱ्या पारूबाईंकडे पाहिलं.

पारूबाईंनी डोक्यावरचा पदर मागे सारला. केस तेलानं निथळत होते.

“वाटी भरलेली दिसली असती, तर माईंनी स्वतःच लावलं असतं,” त्या म्हणाल्या. “माझा लेक गाठीनं गेला, तेव्हा ही पट्टी निघाली नव्हती.”